कव्हरच्या आतली पेन्सिल

रुग्णालयाच्या अंतर्गत फोनयादीत चौदा क्रमांकासमोर ‘वैद्यकीय नोंदी विभाग’ असं छापलेलं आहे. त्या नावानं तो विभाग कुणीच मागत नाही. वॉर्डातली सिस्टर ऑपरेटरला म्हणते, “तळघर दे,” आणि फोन उचलणारी बाईही म्हणते, “बोला, तळघर.” एकतीस वर्षांत खोलीचं नाव बाईला चिकटलं. नवे डॉक्टर तर “तळघर आज रजेवर आहे का?” असंही विचारतात आणि आपण काही गमतीचं बोललो हे त्यांच्या गावीही नसतं.

तिचं वय सत्तावन्न. निवृत्तीला अकरा महिने. उंची बेताची, म्हणून वरच्या खणासाठी तीन पायऱ्यांचं लोखंडी स्टूल. त्याचा एक पाय आखूड आहे, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. उजव्या अंगठ्यात पानं उलटायची रबरी टोपी असते, ती जेवतानाही काढायची राहते. खोलीत बेचाळीस रॅक, एकेचाळीस हजारांवर फायली, एक पंखा आणि छताला लागून एक आडवी खिडकी. त्या खिडकीतून बाहेरून जाणाऱ्यांचे फक्त घोटे दिसतात. फाईल शोधायची तिची रीत नव्या माणसाला उलटी वाटते. नंबरातले शेवटचे दोन आकडे आधी पाहायचे, मग मधले, मग पहिले. याच रीतीनं ती कुठलीही फाईल दीड मिनिटात काढते.

प्रत्येक मागणी ती वहीत वेळेसकट लिहिते, त्यामुळे पुढचे आकडे अंदाजाचे नाहीत. संगणक येण्याआधी दिवसाला नव्वदच्या आसपास फायली मागवल्या जात. पहिल्या वर्षी त्या चाळीसवर आल्या, दुसऱ्या वर्षी अकरावर. मागच्या हिवाळ्यात सलग चार दिवस वहीत फक्त तारीख आहे, खाली काही नाही. त्या चार दिवसांत तिनं सकाळी “येते” आणि संध्याकाळी “निघते” एवढंच तोंडातून काढलं, तेही पहारेकऱ्याशी.

या रुग्णालयात एक पद्धत होती, ती दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही. तीसेक वर्षांपूर्वी इथे जे मोठे डॉक्टर होते, त्यांनी ती घालून दिली. फाईलच्या पानांवर शाईनं फक्त तेच लिहायचं, जे डॉक्टरनं स्वतः पाहिलं किंवा तपासलं. पेशंट किंवा त्याची माणसं जे नुसतं सांगतात, ते कव्हरच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहायचं. खात्री झाली की शाईनं पानावर न्यायचं, खोटं ठरलं की खोडायचं. पुढे मोठे डॉक्टर गेले, पण सवय राहिली. खात्री करायला वेळ कुणाला नव्हता, म्हणून पेन्सिल वाढत गेली. बहुतेक फायलींत कव्हराची आतली बाजू भरलेली होती.

“गोळ्या घेतो म्हणतो, घेत नाही – सून.”

“नवरा बरोबर असला की पडले म्हणते.”

“मान हलवते, पण ऐकू आलेलं नसतं.”

“आई गेल्याचं याला अजून सांगितलेलं नाही – थोरला भाऊ.”

तळघराला या ओळी वाचायचं काम नव्हतं. पण फाईल परत आली की ती पानं मोजायची, आणि मोजताना कव्हर उघडावंच लागतं.

संगणकाच्या पडद्यावर यासाठी जागा नव्हती. ऍलर्जीसाठी एक चौकट होती, होय किंवा नाही. एकदा ती जुनी फाईल द्यायला बाह्यरुग्ण विभागात गेली. तिथला तरुण डॉक्टर दर वेळी पेशंटकडे न बघताच ‘नाही’ दाबत होता. तिनं विचारलं, “विचारलं का त्यांना?”

“तळघर, ऐका. ‘होय’ दाबलं की चार खिडक्या उघडतात. कुठलं औषध, कधी, काय झालं, किती जोरात झालं. सगळं भरल्याशिवाय पुढे सोडत नाही. ‘नाही’ दाबलं की पुढचा पेशंट.” त्यानं दाराबाहेरची रांग दाखवली. “तुम्हीच सांगा, मी काय दाबू?”

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. दुपारी यंत्रणा अर्धा तास बंद पडायची, मग डॉक्टर चिठ्ठ्यांवर लिहायचे आणि वॉर्डातला कारकून संध्याकाळी त्या टंकायचा. पासवर्ड लक्षात राहत नाहीत म्हणून दुसऱ्या मजल्यावरचा सगळा वॉर्ड एकाच सिस्टरच्या नावानं आत जायचा. ती सिस्टर निवृत्त होऊन दीड वर्ष झालं होतं. मोठ्या सिस्टर म्हणत, “नोकरीत होती तेव्हा एवढं काम नव्हती करत हो ती.”

मग जुन्या फायली स्कॅन करायचा हुकूम निघाला. तीन महिन्यांत स्कॅनिंग, त्यानंतर कागद लगद्याला. दोन माणसं यंत्र घेऊन तळघरात आली आणि पहिल्यांदाच तिथे दिवसभर कुणीतरी बोलणारं असू लागलं, मग ते क्रिकेटबद्दल का असेना. आठव्या दिवशी तिनं सहज एक फाईल पडद्यावर उघडून पाहिली. पानं होती, कव्हर नव्हतं.

“कव्हरला पान नंबर नाही ना ताई,” यंत्रावरचा म्हणाला. “नंबरवालीच पानं घ्यायची असं लिहून दिलंय आम्हाला.”

“घेऊन तर बघा एक.”

त्यानं घेतलं. पडद्यावर पांढरं आलं. यंत्र काळ्या-पांढऱ्यावर लावलं होतं, फिकट पेन्सिल ते घेतच नव्हतं.

अधीक्षकांची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. ती तिथे गेली तेव्हा त्यांनी आधी नाव विचारलं, मग म्हणाले, “हां, तळघर. बसा.” तिनं नेलेली फाईल त्यांनी उजेडात तिरपी धरून वाचली.

“हे कुणी लिहिलंय? खाली सही नाही, तारीख नाही. पेन्सिलीतलं कोर्टात टिकत नाही बाई.”

“आजाऱ्याला कोर्टात नाही न्यायचं साहेब.”

“एकेचाळीस हजार कव्हरं आहेत. रंगीत स्कॅन करायचं तर पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही लेखी द्या, वर पाठवतो.”

तिनं लेखी दिलं. नऊ दिवसांनी उत्तर आलं: स्वाक्षरी नसलेला मजकूर नोंदीचा भाग मानता येत नाही.

आता तिच्या घराबद्दल, कारण पुढचं तिथे ठरलं. वडिलांच्या जागेची मधून भिंत घालून दोन घरं केलेली आहेत. एका बाजूला धाकटा भाऊ, भावजय आणि भाची, दुसऱ्या बाजूला ही. भिंत घातली ती भांडणानं नाही. भाची मोठी होत होती, तिला खोली हवी होती. हिच्याकडे एक खोली, ओटा आणि वेगळं दार राहिलं. भिंत पातळ आहे. भाऊ डॉक्टरांना सांगतो की रोज सकाळी पाऊण तास चालतो, आणि त्याच्या फायलीत तसं लिहिलेलंही आहे. तो साडेआठपर्यंत घोरत असतो हे इकडे स्पष्ट ऐकू येतं. ती ते कधी बोलून दाखवत नाही, कारण मग बाकीचंही ऐकू येतं हे सांगावं लागेल. जिन्यात भावजय भेटली की म्हणते, “वन्सं, या की आत.” ही म्हणते, “नको गं, गॅसवर ठेवलंय काहीतरी.” गॅसवर बहुधा काही नसतं.

उत्तर आलं त्या संध्याकाळी पलीकडे भाऊ भावजयीला सांगत होता, “ताईचं आता काय, वर्षभर खुर्ची उबवायची. फायली गेल्या की बसायला तरी मोकळी जागा होईल.” तो हसला. भावजय म्हणाली, “हळू बोला, ऐकू जाईल.” यात वाईट काही नव्हतं. भाऊ ऑफिसातही असाच बोलतो. पण दुसऱ्या दिवशी ती तासभर आधी कामावर गेली आणि जाताना कोपऱ्यावरच्या दुकानातून काळ्या पेनांची डबी घेतली.

युक्ती साधी होती. पेन्सिलीवरून पेन फिरवायचं, म्हणजे यंत्राला दिसेल. कव्हरावर नंबराच्या शिक्क्यानं शून्य मारायचं, म्हणजे ते नंबरवालं पान होईल. स्कॅनिंगवाल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. “शून्य हा नंबर आहे की नाही?” एकानं विचारलं. दुसरा म्हणाला, “शाळेत मला तोच मिळायचा. चालतंय.”

अजून स्कॅन न झालेल्या फायलींतल्या, गेल्या काही वर्षांत येऊन गेलेल्या लोकांच्या तिनं आधी काढल्या. दिवसाला पन्नास, पुढे पंचाहत्तर. तिसऱ्या आठवड्यात मनगट सुजलं. तेव्हापासून तिनं हात वाचवायला सुरुवात केली: औषधाचं नाव आणि ‘चालत नाही’ एवढ्यावरच पेन फिरवायचं, बाकीचं तसंच ठेवायचं. कामाचं तेवढंच आहे, असं तिला वाटलं. पाच आठवड्यांत एकोणीसशे कव्हरं झाली. वहीत त्याचीही नोंद आहे. ही तिच्या नोकरीतली पहिली गोष्ट, जी तिला कुणी सांगितली नव्हती.

त्याच सुमाराला एक शिंपी पायाची जखम घेऊन आला. साखरेचा आजार, करंगळी सुजून लाल झालेली. पडद्यावर त्याचं शून्य नंबरचं पान उघडलं. त्यावर काळ्या शाईत होतं: पेनिसिलिन चालत नाही. डॉक्टरनं दुसरं औषध सुरू केलं. ते हळू लागू पडलं, जखम वर सरकली आणि सोळाव्या दिवशी करंगळी काढावी लागली. मग कुणीतरी शिंप्याला विचारलं, पेनिसिलिननं तुम्हाला काय होतं? तो म्हणाला, “मला? काही नाही. लहानपणापासून घेतोय.”

मूळ कव्हर तळघरातून वर गेलं. रुग्णालयाची यंत्रणा सांभाळणारी एक तिशीची बाई आहे, तिला सगळे सिस्टीमवाली म्हणतात. तिनं ते दिव्याखाली तिरपं धरलं. शाईच्या पुढे फिकट पेन्सिलीत उरलेली ओळ होती: “असं भाऊ म्हणतो. खात्री करावी.”

चौकशी सोमवारी होती. तळघर शनिवारीच वॉर्डात गेली. सहा वर्षांत ती पहिल्या मजल्याच्या वर फक्त अधीक्षकांकडे गेली होती. शिंपी खिडकीजवळच्या खाटेवर उसवलेली उशी स्वतःच शिवत बसला होता.

“तुमच्या फायलीवर पेन मी फिरवलं,” ती उभ्यानंच म्हणाली.

त्यानं सुई उशीत खोचली. “डॉक्टर आहात?”

“नाही. खाली फायली ठेवते.”

“मग कशाला फिरवलंत?”

“पेन्सिलीतलं फेकून देणार होते. राहावं म्हणून.”

“माझ्या भावाला पेनिसिलिनचा त्रास होतो. त्याला. मी त्या वेळी तापात होतो, ह्यानं आपलंच सांगितलं असणार. स्वतःशिवाय दुसरं काही सुचत नाही त्याला.” त्यानं दोरा दातानं तोडला. “बोट गेलं ते गेलं. मशीनला करंगळी लागत नाही म्हणा. पण ताई, अर्धंच का लिहिलंत? पुरतं लिहिलं असतं तर मला विचारलं असतं त्यांनी.”

“हात दुखत होता.”

हे उत्तर तिला स्वतःलाच फार तोकडं वाटलं, पण खरं तेवढंच होतं. शिंप्यानं सुईत नवा दोरा ओवला. ती खाली आली.

चौकशीत अधीक्षकांनी विचारलं, “हे तुमचं अक्षर?”

“पेन माझं. अक्षर डॉक्टरांचं.”

“कुणाला विचारून केलंत?”

“तुम्हालाच विचारलं होतं साहेब. उत्तर ‘नाही’ आलं.”

मोठ्या सिस्टरांनी खाली पाहिलं. अधीक्षकांनी समोरचा कागद सरळ केला. मग शिंप्यावर उपचार करणारा सर्जन बोलला, तोही बचाव करायचा म्हणून नाही, वैतागून. “बाईंनी चूक केली, मान्य. पण मला पेन्सिल दिसली असती तर मी पेशंटला विचारलं असतं. या मशीनमध्ये विचारण्यासारखं काही येतच नाही. आहे किंवा नाही. ऐकलेलं आणि तपासलेलं एकाच शाईत.”

सिस्टीमवाली म्हणाली, “वेगळी चौकट करता येईल. राखाडी. दोन दिवसांचं काम आहे. आजवर कुणी मागितली नव्हती एवढंच.”

तळघराला लेखी ताकीद मिळाली आणि फायलींवर पेन चालवायला बंदी झाली. चौकट मंजूर झाली. ती भरायला वेगळा माणूस मिळणार नव्हता आणि लगद्याच्या ट्रकची तारीख बदलणार नव्हती. तारखेला बारा दिवस होते.

पहिले पाच दिवस तिचीच चूक निस्तरण्यात गेले. एकोणीसशे कव्हरांपैकी जिथे तिनं अर्धं गिरवलं होतं अशी अकराशे होती. प्रत्येकाच्या नोंदीत जाऊन तिनं ‘बायको म्हणते’, ‘शेजारी म्हणतात’, ‘स्वतःला आठवत नाही’ असं उरलेलं भरलं. ती दोन बोटांनी टंकते. भाचीला कुठून कळलं कोण जाणे, बहुधा रात्री फोनवरचं बोलणं ऐकलं असेल, भिंत दोन्ही बाजूंनी पातळ आहे. ती दारात येऊन म्हणाली, “आत्या, मी येऊ का मदतीला? मी भराभर टाइप करते.”

“बाहेरच्याला आत सोडत नाहीत गं. लोकांच्या आजाराचं असतं.”

“मग तू वाच, मी इथे बसून...”

“घरीही आणता येत नाही.”

भाची थोडी घुटमळली आणि गेली. तिला चहा तरी विचारायला हवा होता, हे आत्याला दार लावल्यावर सुचलं.

उरलेल्या सात दिवसांत तिनं मिळेल ते घेतलं. जिवंत आणि येत-जात असलेले पेशंट आधी, त्यातही औषधांचं आधी. ‘नवरा बरोबर असला की पडले म्हणते’ हे औषधाचं नव्हतं, पण तिनं ते भरलं. शेवटच्या दिवशी दुपारी ट्रक आला तेव्हा एकूण आकडा दोन हजार दोनशे बारा होता. हमालांनी फायली सुतळीनं बांधून नेल्या, एका वेळी चाळीस. एकानं विचारलं, “बाई, यातलं काही ठेवायचंय का तुम्हाला?” तिनं नको म्हटलं. एक ठेवायची तर कुठली, हा प्रश्न होता.

आता रॅक रिकामे आहेत. ते काढायचा ठराव वेगळ्या खात्याकडे आहे. तिचं टेबल, संगणक आणि पंखा तेवढा राहिला आहे. पंख्याचा आवाज पूर्वी कागदात मुरायचा, तो आता पलीकडच्या भिंतीवर जाऊन परत येतो. वॉर्डातून नव्यानं काही कळलं तर राखाडी चौकटीत भरायचं काम तिच्याकडे आहे, पण अजून तसा कुणाचा फोन आलेला नाही.

महिन्याभरानं सिस्टीमवाली खाली आली. तिनं बसायला दुसरी खुर्ची शोधली, ती नव्हती, म्हणून ती टेबलाच्या कडेला टेकली. हातात एक कागद होता.

“ताई, तुमच्या चौकटी उघडल्या जातायत. तीनशे सहा वेळा.”

“वाचतात?”

“आता ते मला कळत नाही. किती वेळ उघडी राहिली ते कळतं.” तिनं कागद पुढे केला. “साधारण दोन सेकंद. मग बंद करतात.”

तळघरानं कागद घेतला आणि आकड्यांची रांग बोटानं वरपासून खालपर्यंत पाहिली. बहुतेक दोन, काही एक, एका ठिकाणी एकवीस.

“हे एकवीसवालं कोण?”

“पाहून सांगते. पण बहुतेक फोन आला असेल मध्ये.”

“दोन सेकंदांत किती वाचून होतं?”

सिस्टीमवालीनं विचार केला. “सात-आठ शब्द. सरावलेला असेल तर दहा.”

“माझ्या ओळी लांब आहेत.”

“तुमच्या कुठे, त्या डॉक्टरांच्या आहेत.”

“डॉक्टरांना घाई नव्हती तेव्हा.”

सिस्टीमवाली हसली, घड्याळ पाहिलं आणि वर निघून गेली. दारापाशी वळून तिनं काही लागलं तर सांगा, असं सांगितलं.

तळघरानं पहिली नोंद उघडली. तिच्यात होतं: “रुग्णाच्या पत्नीच्या सांगण्यानुसार पाच-सहा वर्षांपूर्वी पेनिसिलिनचं इंजेक्शन दिल्यावर अंगावर पुरळ उठला होता, खात्री करावी.” तिनं शब्द मोजले, मग खोडले आणि नव्यानं टंकलं: “पेनिसिलिननं पुरळ? बायको म्हणते. विचारा.” पुन्हा मोजले. पाच झाले. इंजेक्शनचा उल्लेख गेला, साल गेलं. मोठे डॉक्टर असते तर रागावले असते, किंवा कदाचित नसते. तिनं ते तसंच जतन केलं आणि दुसरी उघडली. दुसऱ्या नोंदीत कुणी सांगितलं ते लिहिलेलं नव्हतं, तिथे ती बराच वेळ थांबली. निवृत्तीला सात महिने होते, नोंदी दोन हजार दोनशे अकरा.